औषध कधी सुरू केले होते?

गेल्या अंकातील एका उत्तरात, औषधामुळे त्वचा सोलवटून निघण्याच्या आजाराचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर पुणे आणि आसपासच्या भागांतून इतकी पत्रे आली, की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या धाकट्या दिरांना (वय ३४) अपघातानंतर आकडी येऊ लागली, म्हणून कार्बामाझेपीनच्या गोळ्या सुरू झाल्या. सोळाव्या दिवशी त्यांना ताप आला, डोळे चुरचुरू लागले आणि तोंड आले. जवळच्या डॉक्टरांनी घशाचा संसर्ग समजून अँटिबायोटिक दिले. दुसऱ्या दिवशी छातीवर काळपट लाल चट्टे उठले, मग पाठीवर फोड आले आणि कातडी सुटू लागली. रुग्णालयात ‘स्टीव्हन्स-जॉन्सन’ असे निदान झाले आणि तीन आठवडे जळीत रुग्णांच्या कक्षात काढून ते घरी आले. सासूबाई आणि घरातील सगळे आजही त्या अँटिबायोटिकला दोष देतात. डिस्चार्ज कार्डावर मात्र कार्बामाझेपीनचे नाव आहे. खरे काय? भाजलेले नसताना त्यांना जळीत कक्षात का ठेवले? सहा महिने झाले तरी त्यांचे डोळे लाल असतात आणि उन्हात उघडत नाहीत. माझ्या यजमानांना आणि मुलांना हा धोका आहे का?
— सिंहगड रस्ता

उत्तर : ताई, डिस्चार्ज कार्डावर लिहिले आहे तेच बरोबर असावे, आणि त्याचा पुरावा तुम्ही स्वतःच पत्रात दिलेला आहे. तुम्ही दिवस मोजून लिहिलेत, याबद्दल तुमचे मनापासून आभार मानतो. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ कुटुंबांना ते सांगता येत नाहीत.

काल घेतले आणि आज अंगावर उठले, असा संबंध आपण सहज जोडतो, आणि कोळंबी किंवा शेंगदाण्याच्या ॲलर्जीत तो बरोबरही असतो, कारण तिथे काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम हा त्या जातीचा आजार नाही. यात शरीराच्या संरक्षक पेशींपैकी टी पेशी औषधाला परके समजून त्याच्याविरुद्ध तयार होतात, त्यांची संख्या वाढते आणि मग त्या आपल्याच त्वचेच्या पेशी मारू लागतात. या सगळ्याला दिवस लागतात. म्हणून पहिल्यांदा घेतलेल्या औषधाचा हा परिणाम बहुधा ४ ते २८ दिवसांच्या दरम्यान दिसतो, आणि तुमच्या दिरांचा सोळावा दिवस या मुदतीच्या ऐन मध्यावर येतो. शिवाय ताप, डोळ्यांची चुरचुर आणि तोंड येणे ही त्या आजाराचीच सुरुवात होती. चट्टे उठण्याच्या एक ते तीन दिवस आधी रुग्ण असाच फ्लू झाल्यासारखा दिसतो. अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात गेली तेव्हा आजार सुरू होऊन चुकला होता.

हा वाद घरगुती वाटला तरी तो मिटवणे फार गरजेचे आहे. दोष अँटिबायोटिकवर राहिला तर उद्या एखादा नवा डॉक्टर आकडीसाठी पुन्हा कार्बामाझेपीन लिहून देईल आणि घरातील कोणी हरकत घेणार नाही. ते औषध दिरांना आयुष्यात पुन्हा कधीही, अर्धी गोळी ‘घेऊन तर बघू’ म्हणूनसुद्धा, देता कामा नये. रासायनिक घडणीत त्याच्याशी साम्य असलेली फेनिटोइन, फेनोबार्बिटल, ऑक्सकार्बाझेपीन आणि लॅमोट्रिजिन ही आकडीवरची औषधेही त्यांच्या बाबतीत टाळली जातात. मेंदूविकारतज्ज्ञ अशा वेळी लेव्हेटिरासिटॅमसारख्या वेगळ्या घडणीच्या औषधाकडे वळतात. सध्या कोणते औषध चालू आहे ते तुम्ही लिहिलेले नाही, तेवढे तपासून घ्या.

जळीत कक्षाविषयी. या आजारात त्वचेचा वरचा थर मरतो आणि खालच्या थरापासून सुटतो. असा भाग शरीराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्याला स्टीव्हन्स-जॉन्सन म्हणतात, तीस टक्क्यांहून अधिक असेल तर टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस म्हणतात, आणि मधली अवस्था ही दोहोंची सरमिसळ मानली जाते. पहिले वर्णन १९२२ साली स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी केले, दुसरे १९५६ साली स्कॉटलंडच्या लायल यांनी. आज आपण ही एकाच आजाराची दोन टोके समजतो. पहिल्या प्रकारात शंभरातील साधारण पाच ते दहा रुग्ण दगावतात, दुसऱ्यात तीसच्या आसपास. वरचा थर गेला की अंगातील पाणी, क्षार आणि उष्णता सतत बाहेर जात राहते आणि जंतूंना आत यायला वाट मोकळी होते, म्हणजे भाजलेल्या माणसाची जी अवस्था तीच. म्हणून खोली उबदार ठेवावी लागते, सलाइन मोजून द्यावे लागते आणि अंगाला चिकटपट्टी लावायची नसते.

माझ्या शिक्षणाच्या काळातील एक दृश्य मला विसरता येत नाही. अशाच एका तरुण रुग्णाच्या पाठीखालची चादर बदलायला घेतली की पाठीची त्वचा चादरीबरोबर निघून येई आणि तो ओरडतही नसे, फक्त मुठी आवळून धरी. तिसऱ्या दिवशी आमच्या वरिष्ठ परिचारिकेने त्याच्या वडिलांना पहाटे मंडईत पाठवून केळीची पाने आणवली, ती निर्जंतुक करून घेतली आणि गुळगुळीत बाजू वर ठेवून त्यावर त्याला निजवले. पान पाठीला चिकटत नाही, गार लागते आणि बदलताना काही ओढून निघत नाही. भारतातील अनेक त्वचारोग विभागांत ही पद्धत आजही वापरतात. पुढचे बारा दिवस ते वडील रोज पहाटे पानांची जुडी घेऊन दारात उभे असत. मुलगा बरा झाला.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र मला तुम्हाला घाई करायला सांगायचे आहे. त्वचा दोन-तीन आठवड्यांत नवी येते, पण डोळ्यांच्या आतील नाजूक अस्तरावर उमटलेले व्रण पुढे वर्षानुवर्षे त्रास देऊ शकतात : अश्रू कमी होतात, पापण्यांच्या कडा खरबरीत होऊन बुबुळावर घासतात, काही केस आतल्या बाजूने उगवतात. औषधाच्या दुकानातून आणलेल्या थेंबांवर सहा महिने काढणे योग्य नाही. कॉर्निआचे (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचे) काम करणाऱ्या नेत्रतज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा आणि जाताना डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या, कारण त्यांना या आजाराचे नाव कळणे आवश्यक आहे.

आता यजमान आणि मुले. तैवानमध्ये २००४ साली झालेल्या अभ्यासात कार्बामाझेपीनमुळे हा आजार झालेल्या ४४ च्या ४४ रुग्णांमध्ये एचएलए-बी १५०२ नावाचा जनुकीय नमुना सापडला. तेच औषध सुखरूप घेणाऱ्या १०१ जणांत तो केवळ तिघांकडे होता. भारतीयांत हा नमुना तितका सर्रास आढळत नाही, तरी नगण्यही नाही, आणि आपल्याकडच्या रुग्णांतही हा संबंध दिसलेला आहे. सख्ख्या भावाकडे तोच वारसा असण्याची शक्यता चांगली असते. त्यामुळे यजमानांनी आणि मुलांनी हे औषध टाळावे, किंवा अगदी निकड पडली तर आधी रक्ताची ही तपासणी करून घ्यावी. तपासणी निर्दोष आली तरी धोका शून्य होत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा : कार्बामाझेपीन केवळ आकडीसाठी देत नाहीत. चेहऱ्याच्या नसेतून कळा मारतात त्यासाठी आणि काही मानसिक आजारांतही ते दिले जाते, आणि तिथे ‘आमच्या घरात कोणालाही आकडी नाही’ या विचाराने माणूस गाफील राहतो.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या सोसायटीत डेंगी आणि चिकुनगुनियाचे रुग्ण बरेच असतात. तापात पुरळ आले तर ते आजाराचे की गोळ्यांचे, हे घरच्या माणसाने कसे ओळखावे?
— बिबवेवाडी

उत्तर : नेहमीच ओळखता येईल असे मी सांगणार नाही, कारण ते आम्हालाही कधीकधी रक्ताच्या तपासण्यांनंतरच कळते. डेंगी आणि चिकुनगुनिया दोन्हींत पुरळ येते, आणि औषधांचे साधे पुरळही गोवरासारखेच दिसते. ते खाजते, पण आठ-दहा दिवसांत निवळते. घरच्यांनी निदान करायचे नसून धोक्याच्या खुणा पाहायच्या आहेत. त्वचा खाजण्याऐवजी दुखत असेल, नुसता कपडा लागला तरी आग होत असेल. ओठ, तोंड, डोळे किंवा लघवीची जागा यांवर फोड किंवा सालटे निघत असतील. चट्टे मध्यभागी काळपट, जांभळट दिसत असतील. बोटाने हलके सरकवल्यावर वरची कातडी सुरकुतून सरकत असेल. किंवा तापाबरोबर चेहरा, विशेषतः कानाच्या पाळ्या, सुजल्या असतील, तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जावे. वाहनाची सोय नसल्यास १०८ वर फोन करावा. यातील एक खूणसुद्धा पुरेशी आहे.

बरोबर काय न्यावे, हे याहून महत्त्वाचे. मागील दोन महिन्यांत घेतलेले प्रत्येक औषध पिशवीत भरून न्या : अर्धवट संपलेल्या स्ट्रिपा, शेजाऱ्यांनी दिलेली गोळी, वजन कमी करण्याची पावडर, वैद्यांची पुडी, सांधेदुखीवरचा काढा, सगळे. संशयित औषध त्या दिवशीच थांबवावे लागते आणि ते जितके लवकर थांबते तितका जीव वाचण्याचा संभव वाढतो. आकडीची, हृदयाची किंवा क्षयाची औषधे मात्र साध्या पुरळासाठी मनाने बंद करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, म्हणजे ते पर्यायी औषधाची व्यवस्था करतील. वर सांगितलेल्या खुणा असतील तर पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा निवृत्त बँक कर्मचारी आहे. तीन वर्षांपूर्वी आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये युरिक ॲसिड ७.४ आले, तेव्हापासून ॲलोप्युरिनॉल घेतो. सांधे कधीच दुखले नाहीत. हे औषध त्वचेसाठी धोकादायक असल्याचे वाचल्यापासून झोप लागत नाही.
— कोथरूड

उत्तर : काका, आधी झोपेचे बघू. ॲलोप्युरिनॉलमुळे होणाऱ्या गंभीर प्रतिक्रिया मुख्यतः पहिल्या दोन-तीन महिन्यांत होतात. तीन वर्षे औषध सुरळीत सोसले आहे, त्यामुळे आता उद्या अचानक त्वचा सुटेल ही भीती मनातून काढून टाका.

तरीही तुमच्या पत्रातील एका वाक्याने मी अस्वस्थ झालो, ते म्हणजे सांधे कधीच दुखले नाहीत. युरिक ॲसिडचा आकडा वाढलेला आहे, पण गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी) नाही आणि मूतखडाही नाही, अशा माणसाला सर्वसाधारणपणे हे औषध लागत नाही. तपासणीच्या कागदावर ठळक अक्षरांत छापलेला आकडा पाहून ते सुरू केले जाते, आणि गुडघा झिजल्याने दुखत असेल तरी त्याचे खापर युरिक ॲसिडवर फोडले जाते. जे औषध मुळात लागतच नव्हते त्यापायी माणूस अतिदक्षता विभागात गेलेला मी पाहिला आहे. त्याच्या पत्नीला मी काय सांगायचे, हे मला आजही उमगलेले नाही. तुमच्या डॉक्टरांना एवढेच विचारा, की हे औषध मला नेमके कशासाठी आहे. उत्तर मिळाल्यावर दोघांनी मिळून ठरवा.

ज्यांना ते खरोखर लागते, आणि गाऊटमध्ये ते उत्तम औषध आहे, त्यांनी सुरुवात दिवसाला १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने करावी, मूत्रपिंड अधू असल्यास आणखी कमीने, आणि पहिल्या तीन महिन्यांत अंगावर काहीही उठले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवावे. याही औषधाचा एका जनुकीय नमुन्याशी, एचएलए-बी ५८०१ शी, घट्ट संबंध असल्याचे २००५ पासून ज्ञात आहे.

प्रश्न : माझी मुलगी (वय १९) पाळीच्या दुखण्यासाठी मेफेनामिक ॲसिडची गोळी घेते. त्यावर सरकारी इशारा आल्याचे वाचले. बंद करायला सांगू का?
— हडपसर

उत्तर : तो इशारा भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस दिला होता आणि तो ‘ड्रेस’ नावाच्या प्रतिक्रियेविषयी होता. औषधावर बंदी आलेली नाही. लक्ष ठेवा, एवढेच त्याचे म्हणणे होते. ‘ड्रेस’मध्ये औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी ताप, अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज आणि मानेत गाठी येतात, रक्तातील इओसिनोफिल पेशी वाढतात आणि यकृताला सूज येते, म्हणून पुष्कळदा ती कावीळ किंवा विषाणूचा ताप समजली जाते. महिन्यातून दोन-तीन दिवस, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत गोळी घेणाऱ्या मुलीने घाबरण्याचे कारण नाही. मात्र पाळी येऊन महिना झालेला असताना असा ताप आणि पुरळ आले, तर ‘पाळीची गोळी तर कधीच संपली’ असे म्हणून ती गोष्ट डॉक्टरांना सांगायची राहू देऊ नका.

प्रश्न : लिहायला संकोच वाटतो. वर्षातून दोन-तीनदा माझ्या खालच्या ओठावर आणि गुप्तांगावर, दर वेळी नेमक्या त्याच जागी, गोल लालसर चट्टा उठून फोड येतो आणि नंतर काळा डाग राहतो. लैंगिक आजार समजून तपासण्या केल्या, सगळ्या निर्दोष आल्या. लग्न ठरत आहे.
— येरवडा

उत्तर : तुम्ही लिहिलेत हे फार चांगले केलेत. दर वेळी तीच जागा, गोल चट्टा आणि मागे उरणारा काळा डाग, या वर्णनावरून हे बहुधा ‘फिक्स्ड ड्रग इरप्शन’ असावे. लैंगिक संबंधाशी त्याचा काही संबंध नसतो आणि ते दुसऱ्याला लागत नाही. येथे तारखांचा हिशेब उलटा आहे : चट्टा गोळीनंतर अर्ध्या तासापासून दिवसभरात उठतो, कारण त्या जागी टी पेशी आधीच ठाण मांडून बसलेल्या असतात. मागील दोन-तीन वेळा आदल्या दिवशी काय घेतले होते ते आठवा. आपल्याकडे जुलाबावरच्या ऑर्निडाझोल किंवा टिनिडाझोलच्या मिश्र गोळ्या, को-ट्रायमोक्साझोल हे सल्फाचे अँटिबायोटिक आणि वेदनाशामके ही कारणे नेहमी सापडतात, आणि माणसाला जुलाब आठवतो पण गोळी आठवत नाही. औषध सापडेपर्यंत मनाने कोणतीही गोळी घेऊ नका, कारण दर खेपेला चट्टे वाढत जाऊन क्वचित अंगभर फोड येऊ शकतात. त्वचारोगतज्ज्ञांना एकदा प्रत्यक्ष दाखवा. लग्नाला काहीही अडचण नाही.

प्रश्न : वीस वर्षांपूर्वी सल्फाच्या गोळीने अंगावर पुरळ आले होते. आता मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड दिले, तर दुकानदार म्हणाले की यातही सल्फा आहे.
— औंध

उत्तर : दुकानदारांची काळजी रास्त आहे, पण सल्फाची अँटिबायोटिक्स आणि ग्लिमेपिराइड यांची रासायनिक घडण ॲलर्जीला कारण होणाऱ्या नेमक्या जागी वेगळी आहे, आणि एकाची ॲलर्जी दुसऱ्याला लागू पडतेच असे नाही. साधे पुरळ आले असेल तर डॉक्टरांना सांगून ते घेता येते. तेव्हा तोंड आले होते किंवा कातडी सुटली होती असे असेल, तर हा निर्णय दुकानात न घेता डॉक्टरांवर सोपवा. सल्फेट आणि गंधक यांचा या ॲलर्जीशी संबंध नाही.

प्रश्न : आमचे औषधांचे दुकान आहे. गिऱ्हाईक दोन-चार गोळ्या मागते, तेव्हा स्ट्रिप कापून द्यावी लागते. आम्ही काय करू शकतो? आणि अशा प्रतिक्रियांची नोंद कुठे होते का?
— नारायण पेठ

उत्तर : या प्रश्नाचा मला सर्वांत जास्त आनंद झाला. माझ्या टेबलावर रुग्ण जी पिशवी उपडी करतात, तिच्यात नेहमी एक चांदीच्या रंगाचा चौकोनी तुकडा असतो, ज्याच्या पाठीवर औषधाच्या नावाची शेवटची दोनच अक्षरे उरलेली असतात. तेवढ्यावरून मला औषध ओळखता येत नाही, आणि रुग्ण शुद्धीवर नसेल तर विचारायला कोणीच नसते. कापलेल्या गोळ्या ज्या कागदी पाकिटात घालून देता, त्यावर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि त्या दिवसाची तारीख लिहून द्या. एकच औषध अनेक नावांनी विकले जाते, आणि एका नावाने अपाय झालेला माणूस दुसऱ्या नावाने तेच औषध घेऊन पुन्हा आजारी पडतो. चिठ्ठीशिवाय को-ट्रायमोक्साझोलची किंवा आकडीची गोळी देऊ नका, हे तुम्हाला माहीत आहेच, तरी लिहितो.

नोंदीसाठी २०१० पासून भारतीय औषधदक्षता कार्यक्रम चालू आहे आणि त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादला आहे. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रे आहेत, आणि १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर डॉक्टर, दुकानदार, परिचारिका किंवा स्वतः रुग्णही कळवू शकतो. रुग्णांसाठीचा अर्ज मराठीतही मिळतो. मेफेनामिक ॲसिडचा इशारा अशाच नोंदी तपासून निघाला होता. औषधाचाच दोष होता याची खात्री नसली तरी कळवता येते, संशय पुरेसा आहे. त्या अर्जाच्या प्रती आपल्या काउंटरवर ठेवल्यात, तर सिंहगड रस्त्यावरच्या ताईंसारखे दिवस मोजून ठेवणारे एखादे गिऱ्हाईक तो तिथेच भरून देईल.